निमआरामचा डोळा

आमच्या घरमालकांना पोहे बसून खाता यायचे नाहीत. बशी हातात घेऊन ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालायच्या. एक घास इकडे, एक घास तिकडे, आणि वाटेत शेंगदाणे सांडत जायचे. मी वरून ओरडायचे, "नाना, बसा हो दोन मिनिटं!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "उभं आयुष्य बसून काढलं, मॅडम. बसायचा कोटा संपला माझा."

ते खरंच होतं. नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. धुळ्याच्या स्टँडवर जाळीच्या खिडकीमागे बसून त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या. कुसुंबा, नेर, साक्री ही गावं त्यांच्या तोंडून इतक्या वेळा गेली होती की ती नुसती म्हटली तरी माणूस पोचल्यासारखं वाटे. निवृत्त झाले आणि जे उठले ते उठलेच. पायात चपला चढवलेल्या असायच्या, खांद्यावर रिकामी पिशवी. विचारलं, "कुठे, नाना?" तर म्हणायचे, "साक्रीला."

"काही काम?"

"चहा."

आणि दुपारी परत येऊन सांगायचे, चहात काही दम नव्हता.

मी मूळची बोदवडची. धुळ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला लागले तेव्हा देवपुरात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. खोली दाखवतानाही ते एका जागी थांबले नाहीत. स्वयंपाकघराचं सांगताना ते गच्चीत होते आणि गच्चीचं सांगेपर्यंत जिन्यात पोचले होते. "नळाला पाणी कधी येईल हे विचारायचं नाही," एवढं मात्र त्यांनी खालच्या पायरीवरून वळून बजावलं. "आलं की मी सांगीन." पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा मी पेपर तपासत होते. खालून स्टँडवरचा तो आवाज आला, जरासा नाकात, प्रत्येक शब्द वेगळा: "नळाला पाणी आलेलं आहे. वरच्या मजल्यावरील प्रवाशांनी बादल्या घेऊन ताबडतोब खाली यावे." मी हसत हसत खाली धावले. तिथे कोणीच हसत नव्हतं. गल्लीला सवय होती.

घरात दोघंच. नानांच्या पत्नी मी येण्यापूर्वीच गेल्या होत्या, मुलगा-सून पुण्याला. खाली राहायची ती नाना आणि त्यांची मोठी बहीण. तिला सगळी गल्ली अक्का म्हणे. नाना जितके हलायचे तितक्या अक्का हलायच्या नाहीत. ओट्यावरच्या बाजेवर बसून त्या डाळ निवडायच्या, वाती वळायच्या, रस्त्यानं जाणाऱ्याची चौकशी करायच्या. बोलणं सगळं अहिराणी. त्यांचा डावा डोळा लहानपणीच गेलेला होता. पापणी मिटून आत ओढली गेली होती, जणू त्या बाजूनं त्या कायम झोपलेल्या. पहिले काही दिवस मी तिकडे बघायचं टाळलं. मग विसरून गेले.

"त्याना पायले भिंगरी शे, माय," भावाकडे बोट करून त्या मला म्हणायच्या. "तू नको लक्ष दिऊ."

पण लक्ष जायचंच. माझ्या खोलीखाली सकाळ-संध्याकाळ त्या चपला वाजत. फट फट फट, मग वळायची एक घसट, पुन्हा फट फट. मी शिकवायची तयारी करायला बसले की माझाही पाय हलायला लागायचा. त्या घरात राहून मीही उभ्यानं चहा प्यायला शिकले.

मांजर आली ती कूलरमधून. गच्चीत एक जुना कूलर पडून होता. उन्हाळा लागला म्हणून नानांनी तो उघडला, तर आतल्या वाळक्या गवतात मांजरीनं पिल्लं घातलेली. चार दिवसांत मांजरीनं सगळी दुसरीकडे हलवली, एक मात्र राहिलं. करडं, पोटाला पांढरं, मधाच्या रंगाचे डोळे. नानांनी जाहीर केलं की हे पिल्लू संध्याकाळपर्यंत बाहेर गेलं पाहिजे. संध्याकाळी ते अक्कांच्या मांडीवर झोपलेलं होतं, पण कान उभे आणि शेपटीचं टोक हलतं. नाना जाता जाता थांबले, म्हणजे त्यांच्या मानानं थांबले, आणि म्हणाले, "ही धड झोपत नाही, धड उठत नाही. निमआराम आहे."

तेच नाव पडलं. एसटीच्या गाडीचं नाव असलेली ती जगातली एकच मांजर असावी. अक्का तिला निमी म्हणायच्या.

डाग मला दिसला. निमआराम तेव्हा वर्षाचीही नसेल. सकाळच्या उन्हात ती माझ्या जिन्याच्या पायरीवर बसली होती आणि ऊन तिच्या उजव्या डोळ्यात तिरपं शिरलं होतं. त्या मधाच्या रंगात, बाहुलीच्या जरा खाली, एक तपकिरी ठिपका होता. चहाचा थेंब सांडावा तसा. मी पदरानं पुसायला गेले. तो आतला होता.

मी नानांना दाखवलं. त्यांनी मांजर उचलली, उन्हात धरली, सावलीत धरली, पुन्हा उन्हात. मग तिला भाजीच्या टोपलीत घातलं आणि निघाले. धुळ्यातल्याच जनावरांच्या एका खासगी डॉक्टरांकडे आम्ही गेलो. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि टेबल पुसता पुसता सांगितलं, "गाठीची सुरुवात असू शकते. रिस्क कशाला घ्यायची? डोळा काढून टाकू. उद्या घेऊन या."

नानांचा चेहरा इतका उतरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. "उद्या?" ते म्हणाले. "उद्या डोळा काढायचा? ती काय भेंडी आहे का देठ काढायला?" आणि टोपली उचलून बाहेर. मला मागे राहून डॉक्टरांची माफी मागावी लागली.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. चपला पहाटेपासून वाजू लागल्या. नाना दर थोड्या वेळानं मांजरीला धरायचे, डोळ्यात बघायचे, सोडायचे. तीही चिडकी झाली. त्यांची चाहूल लागली की बाजेखाली जायची. काहीतरी करायला हवं होतं आणि जे करायला सांगितलं होतं ते त्यांना करायचं नव्हतं. त्यातच कोणीतरी जळगावच्या एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. जनावरांच्या डोळ्यांचं त्यांनी वेगळं शिक्षण घेतलंय म्हणे. दुसऱ्याच दिवशी आम्ही जळगावच्या गाडीत होतो.

तो प्रवास मी विसरणार नाही. टोपलीवर अक्कांच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला होता. कंडक्टर नानांच्या ओळखीचा, तो काही बोलला नाही. पारोळा गेलं आणि नानांनी सहज तुकडा उचलून पाहिला. टोपली रिकामी.

ते उठले. गाडी भरलेली होती, मध्ये माणसं उभी होती. नानांनी वरची दांडी धरली आणि तो आवाज काढला.

"प्रवाशांना सूचना. एक लहान मांजर गाडीत सुटलेली आहे. सर्वांनी आपापले पाय वर घ्यावेत. कोणीही घाबरू नये. मांजरीचा डोळा आजारी आहे."

आणि सगळ्या गाडीनं पाय वर घेतले! म्हाताऱ्या बायका, कॉलेजची पोरं, फेटेवाले, सगळे मांडी घालून किंवा गुडघे छातीशी धरून बसले. ड्रायव्हरनं वेग कमी केला. नाना सीटांखाली वाकून बघत पुढून मागे आले. शेवटून दुसऱ्या बाकावर एक धिप्पाड गृहस्थ तोंड उघडं टाकून घोरत होते. त्यांच्या मांडीवर टॉवेल होता आणि टॉवेलमध्ये निमआराम, आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण आरामात, झोपलेली होती.

त्यांना उठवावं की नाही यावर गाडीत कुजबुजत चर्चा झाली. दचकून त्यांनी हात झाडला तर? शेवटी नाना त्यांच्याजवळ दांडी धरून पहारा देत उभे राहिले आणि गाडी तशीच, पाय वर घेतलेली, एरंडोलपर्यंत गेली. तिथे ते गृहस्थ जागे झाले. मांडीकडे बघितलं, वर बघितलं.

"ही कोणाची?"

"माझी," नाना म्हणाले.

तोवर ते नेहमी 'अक्काची मांजर' म्हणायचे.

डॉक्टरबाई शांत होत्या, इतक्या की नाना आणखीच अस्वस्थ झाले. त्यांनी खोली अंधारी करून बारीक उजेडात डोळा पाहिला, डोळ्यातला दाब मोजला, दुसरा डोळाही तपासला. मग दिवा लावला. "डाग सपाट आहे," त्या म्हणाल्या. "बाहुली गोल आहे, दाब ठीक आहे. मांजरांच्या डोळ्यात असे डाग येतात. बरेच जन्मभर तसेच राहतात, काही होत नाही. काही थोडे मात्र वाढतात आणि वाईट निघतात. आज हा कुठला ते मी सांगू शकत नाही."

"मग काय करायचं?"

"पाहत राहायचं."

"पाहत राहायचं म्हणजे काय?" नानांचा आवाज चढला. "औषध द्या. थेंब द्या. काहीतरी द्या."

"याला थेंब नाहीत, काका. महिन्यातून एकदा फोटो काढा. तीच जागा, तोच उजेड. डाग पसरला, उंच झाला, बाहुलीचा आकार बिघडला, तर लगेच या. तेव्हा डोळा काढू. आणि रोज रोज बघू नका. रोज बघणाऱ्याला वाढ कळत नाही."

परतीच्या गाडीत, धुळं आल्यावर नाना म्हणाले, "बाई हुशार आहे. पण तिनं मला बसवून ठेवलं."

फोटोचं काम माझ्याकडे आलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी, ओट्याच्या पूर्वेकडच्या खिडकीत. अक्का मांजर धरायच्या. त्यांच्या हातात ती विरघळल्यासारखी पडून राही. मी मोबाइल धरायचे. नानांनी बॅटरी धरायची, एवढंच. पण त्या बॅटरीचा उजेड कधी मांजरीच्या कानावर, कधी माझ्या नाकावर, कधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर. "नाना, हलू नका!" "मी कुठे हलतोय?" ते म्हणायचे आणि पाय बदलायचे. शेवटी अक्का म्हणाल्या, "भीतले टेकीसन उभा राह्य." त्यांनी पाठ भिंतीला लावली, श्वास धरला आणि उजेड थांबला. मी पटकन फोटो काढला. ते इतक्या जोरात सुस्कारले की मांजर उडाली.

पहिले काही महिने फोटो सारखेच आले. नानांना ते पटेना. त्यांना ठाऊक असलेला प्रत्येक माणूस त्यांनी गाठला. चाळीसगावला कोणी एक जण जनावरांच्या डोळ्यावर झाडपाल्याचा रस देतो असं ऐकलं आणि ते तडक गेले. संध्याकाळी छोटी हिरवी बाटली घेऊन आले, तोंड उजळलेलं. अक्कांनी हात पुढे केला. नानांना वाटलं वास घेते आहे. अक्कांनी बाटली उघडली आणि बाजेवरून हात लांब करून गटारीत ओतली.

"अक्का!"

"मन्हा डोयामा बी असंच टाकेल व्हतं," अक्का म्हणाल्या आणि बाटलीचं झाकण लावून ती भावाला परत दिली.

नाना पिशवी घेऊन निघून गेले. मी तिथेच पायरीवर बसले आणि मग अक्कांनी मला ते सगळं सांगितलं, वाती वळता वळता, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. साक्रीच्या पलीकडे डोंगराकडे त्यांचं गाव. बाजरीच्या कापणीत वाळक्या ताटाचं टोक डोळ्यात गेलं. घरात कोणी रस पिळला, कोणी मध घातला. डोळा सुजून फुगला तेव्हा वडील त्यांना घेऊन रस्त्यावर येऊन बसले, धुळ्याच्या दवाखान्यात न्यायला. गाडी आली ती भरलेली. थांबली नाही. त्या वाटेनं दिवसाला तेवढीच गाडी होती. लहान भाऊ गाडीच्या मागे धावत गेला, धुळीत दिसेनासा झाला. "मंग त्यालेच धुंडाना पडना," अक्का हसून म्हणाल्या. "डोया राहिना बाजूले."

मला वाटलं, कोडं सुटलं. पुढे एकदा संधी साधून मी नानांना म्हटलं, "म्हणून तुम्ही एसटीत गेलात का?"

ते फेऱ्या घालता घालता माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की मी ओशाळले. "त्याचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "भरती निघाली होती. तलाठ्यातही अर्ज केला होता मी. तिथे लागलं नाही."

हिवाळा गेला. उन्हं पुन्हा तापू लागली आणि त्या महिन्याचा फोटो काढताना मोबाइलच्या पडद्यावर मला काहीतरी वेगळं वाटलं. वर जाऊन मी सगळे फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. शेवटच्या दोन महिन्यांत ठिपक्याचा नकाशा झाला होता. त्याची कड मखमलीसारखी उचललेली दिसत होती. आणि बाहुली, जी आधी स्वच्छ गोल होती, ती त्या बाजूनं दाबून चपटी केल्यासारखी झाली होती. मी बराच वेळ खाली गेले नाही. चपला ऐकत राहिले.

मग गेले आणि मोबाइल नानांच्या हातात दिला. त्यांनी पहिला फोटो पाहिला, शेवटचा पाहिला, पुन्हा पहिला. मोबाइल बाजेवर ठेवला आणि फाटक उघडून निघून गेले. संध्याकाळ झाली तेव्हा परतले.

"कुठे होतात?"

"चाळीसगावला."

"कशाला?"

"गाडी लागलेली होती."

जळगावच्या डॉक्टरबाईंनी दाब मोजला. तो वाढलेला होता. त्यांनी रक्त तपासायला घेतलं, छातीचा फोटो काढला. तिथे काही पसरलेलं दिसत नव्हतं. "आता पाहत राहायची वेळ संपली," त्या म्हणाल्या. "हा डोळा काढायला हवा. लवकर." या वेळी नाना भांडले नाहीत. "घरी विचारून सांगतो," म्हणाले. मला नवल वाटलं. घरी विचारायची त्यांना सवय नव्हती.

विचारलं मात्र नाहीच. ओट्यावर पाऊल टाकल्यापासून ते बोलत सुटले, अक्कांशी अहिराणीत, माझ्याशी मराठीत, मधूनच भिंतीशी. तरुण मांजर आहे. अजून आयुष्य जायचंय तिचं. रस्ता ओलांडताना गाडी कशी दिसेल? कुत्री आहेत गल्लीत. बाकीच्या मांजरी तिला जवळ करणार नाहीत. "एका डोळ्याचं जिणं हे काय जिणं आहे का, मॅडम? त्यापेक्षा—"

ते तिथे थांबले. पण उशीर झाला होता.

अक्का डाळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"बोल ना," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा काय?"

"तुझी गोष्ट निराळी, अक्का."

"निराळी कशी? सांग माले."

नानांचे पाय चालूच होते, दोन पावलं इकडे, दोन तिकडे.

"एक डोया गया तं काय व्हयनं? मी मरी गयी का?" अक्कांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला तिथे उभं राहवेना. "गल्लीना बठ्ठा बायासना पोलका शिवात मी ह्या एक डोयावर. कोणी सांगं का, वाकडं शे म्हनीन? तुन्हा पुन्याना आंडोर मी वाढावा. तू ड्युटीवर राहे." मग त्यांनी निमआरामला उचलून मांडीवर घेतलं आणि तिच्या उजव्या डोळ्यावर अंगठा हलकेच फिरवला. तिनं मान मागे घेतली. "हिले दुखस. तुले दिसत नही का, हाई इकडनी बाजू भीतले घासस ती? डोया राखाना का मांजर राखानी ते ठरव."

नाना फाटकाकडे गेले, कडी काढली, पुन्हा लावली.

"काढी टाका," अक्का मला म्हणाल्या. "मी येस संगे."

अक्का कित्येक वर्षांत गाडीत बसल्या नव्हत्या. त्या दिवशी मी त्यांना हात धरून चढवलं, खिडकीची जागा दिली, टोपली मांडीवर. नाना येणार नाही म्हणाले होते. गाडी फलाटावरून हलली आणि ते धावत येऊन चढले. जागा रिकाम्या होत्या, तरी जळगावपर्यंत ते दारापाशी उभेच होते. अक्का सगळी वाट खिडकीबाहेर बघत होत्या. केळीच्या बागा लागल्या तेव्हा त्यांनी निमीला लुगड्याच्या फटीतून बाहेरचं दाखवलं. "देखी ले," म्हणाल्या. "दोन्ही डोयासनी देखी ले."

शस्त्रक्रिया चालली होती तेव्हा नाना दवाखान्यात नव्हते. बाहेर जळगावचं ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि ते त्या उन्हात गल्लीबोळांतून फिरत होते. मी दोनदा दारात जाऊन पाहिलं. एकदा कोपऱ्यावर त्यांची पाठ दिसली, एकदा दिसली नाही. अक्का बाकावर बसून होत्या. बाजूला कोणाचा तरी कुत्रा थरथरत उभा होता, त्याच्या पाठीवर त्यांचा हात.

डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि नीट झालं म्हणाल्या. तेवढ्यात नाना आले. सदरा घामानं अंगाला चिकटलेला, चेहरा लालबुंद. त्यांनी एकच विचारलं, "दुसरा चांगला आहे ना?"

"एकदम चांगला."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बाहेर गेले.

काढलेला डोळा तपासायला पाठवला होता. मधले दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. निमआरामच्या गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर होती. ती त्यातून सुटायला उलटी उलटी चालायची आणि भिंतीला आपटायची. नाना तिच्या वाटेतल्या वस्तू हलवत पुढे पुढे चालायचे. पाट, बादली, माझ्या चपला. टाक्यांकडे मात्र ते बघायचे नाहीत. मग एक दिवस डॉक्टरबाईंचा फोन आला. मी आवाज मोठा करून मोबाइल बाजेवर ठेवला. ती गाठच होती. वाईट जातीची. पण सगळी डोळ्याच्या आतच होती, बाहेर गेल्याची खूण कुठे नव्हती. तपासण्या करत राहायच्या, पण वेळेत काढलात, बाई म्हणाल्या.

अक्कांनी दोन्ही हात जोडले. मग मांजरीला म्हणाल्या, "तुन्हा उजवा गया, मन्हा डावा. आपीन दोन्ही मिळीसन एक जोडी व्हयनी." आणि आपल्याच बोलण्यावर इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला.

नाना हसले नाहीत. ते तिच्याकडे बघत होते, त्या मिटलेल्या बाजूकडे. मी तिथे राहत असताना त्यांना कधी तसं बघताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मी जिन्यावरून उतरत होते आणि नाना मला विचित्रच दिसले. त्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला होता आणि ते ओट्यावरून हळूहळू चालत होते. खांबाला खांदा लागला. दाराची चौकट लागली. पाण्याच्या तांब्याकडे हात नेला तो तांब्याच्या अलीकडेच मिटला. मांजर उंबऱ्यावर बसून हे बघत होती. ती एव्हाना कठड्यावर उड्या मारायला लागली होती. तिनं बहुधा त्यांची कीव केली असावी.

नाना तसेच, डोळ्यावर हात ठेवून, बाजेपाशी आले. "अक्का," ते म्हणाले. अक्का दचकल्या. हातातली वात पडली.

"अरे, कितला दचकाडस!"

"तुले या बाजूनं काहीच दिसत नही?"

"आंधया डोयामा काय दिसी रे?"

"मी कायम याच बाजूनं येस," नाना म्हणाले. फाटक त्याच बाजूला होतं. स्टँडवरून, साक्रीहून, बाजारातून, जिथून येतील तिथून ते त्याच बाजूनं ओट्यावर चढायचे.

"हां. आनी दरखेपे मी दचकस."

नानांनी डोळ्यावरचा हात काढला. "इतला वरीस? मंग सांगं का नही कधी?"

"सांगाले तू थांबस कोठे?" अक्का म्हणाल्या आणि पडलेली वात शोधू लागल्या.

नाना वाकले, वात उचलून त्यांच्या उजव्या हातात ठेवली. मी वर निघून गेले.

पुढे माझी बदली जळगावला झाली. सामान हलवताना नाना इतके मध्ये मध्ये आले की हमालांनी त्यांना हात जोडले. त्यानंतर वर्षभरानं मी धुळ्याला कामासाठी गेले होते, तेव्हा देवपुरात डोकावले. नाना फाटकातच होते, कुठेतरी निघालेले, पिशवी खांद्यावर. मला पाहून खूश झाले. मी सरळ ओट्याकडे वळले तर त्यांनी माझं कोपर धरलं.

"तिकडून नाही, मॅडम. इकडून या."

त्यांनी मला ओट्याला वळसा घालायला लावला. मागच्या बाजूनं, धुणं वाळत घातलेल्या दोरीखालून, डोकं वाकवून. तिथे, अक्कांच्या बाजेच्या उजव्या हाताला, विटांच्या दोन नव्या पायऱ्या बांधलेल्या होत्या. त्यावर पाय देऊन मी चढले, माझ्या मागे ते. निमआराम अक्कांच्या डाव्या कुशीला टेकून बसली होती, आपला उघडा डोळा फाटकाकडे लावून. तिला आम्ही दिसलो नसू. अक्कांना दिसलो. आधी मी, मग माझ्या खांद्यामागे उभा असलेला त्यांचा भाऊ.

"ये, माय," त्या म्हणाल्या आणि बाजेवरचं सूप बाजूला सरकवलं. मग जरा आणखी सरकवलं.

"तू बी ये रे."